चिनी मालिका : मुख्य नट कच्चा असेल तर बाकीचा फौजफाटा कितपत तारतो?

रिमोटबहाद्दर

चिनी मालिकांवर इथे अधूनमधून धागे निघतात, पण गाडी कथानक, कपडेपट आणि "शेवटाची माती का केली" यापुढे जात नाही. मला फक्त मुख्य पात्रांच्या अभिनयावर बोलायचंय. माझं मत आधीच टाकतो, म्हणजे दगड कुठे मारायचे ते कळेल: मुख्य नट कच्चा असेल तर चिनी मालिकेला कुणीही वाचवू शकत नाही.

हिशोब करा. 'निर्वाणा इन फायर' (२०१५) चे भाग ५४, एक भाग साधारण ४५ मिनिटांचा, म्हणजे चाळीस तास. निम्मा वेळ जरी मुख्य नट हू गे समोर असला तरी एकच चेहरा वीस तास बघायचा. त्यात त्याचं पात्र, मेइ छांगसू, आजारी. तलवार नाही, घोडा नाही, आरडाओरडा नाही. शेगडीजवळ अंगावर कातडी गुंडाळून बसायचं आणि बोलायचं. लेखिका हाय यान यांनी पटकथा घट्ट विणली आहे हे मान्य, पण ते विणकाम दिसतं कुणाच्या चेहऱ्यावर?

तर प्रश्न असा: मालिका आवडली असं आपण म्हणतो तेव्हा त्यात मुख्य नटाचा वाटा किती? आणि तो वाटा ओळखायचा कसा?

शब्दवेडी

धाग्याला शुभेच्छा. निर्वाणाचाच एक प्रसंग घेते. (ज्यांनी पाहिली नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.)

राजपुत्र चिंगच्या घरी भिंतीवर एक धनुष्य टांगलेलं आहे, त्याच्या मेलेल्या जिवलग मित्राचं. मेइ छांगसू हाच तो मित्र, पण चेहरा बदललेला, त्यामुळे कुणाला ओळख पटत नाही. तो नकळत धनुष्याकडे हात नेतो. राजपुत्र अडवतो: त्याच्या वस्तूला परक्याने हात लावलेला त्याला आवडायचा नाही. आता नटाने काय करायचं? स्वतःच्याच वस्तूवरून हात मागे घ्यायचा, परक्यासारखी माफी मागायची, आणि प्रेक्षकाला मात्र आतलं कळलं पाहिजे. हू गे इथे काहीच 'करत' नाही. हात अर्ध्यात थांबतो, खाली येतो, आवाज नेहमीचाच सभ्य. दुसऱ्या कुणी डोळ्यांत पाणी आणलं असतं, आणि मग समोरच्या राजपुत्राला ते दिसत कसं नाही असा प्रश्न पडला असता. तिथेच मालिका कोसळली असती, कारण हे गुपित पुढे कितीतरी भाग टिकवायचं आहे.

कडक_वडा

चाळीस तास शेगडीजवळ बसून बोलणारा माणूस म्हणजे आमच्या गावचे सरपंच. त्यांनाही कुणी पुरस्कार द्या.

खडूस_काकू

रिमोटबहाद्दर, साफ चूक. २०१८ सालच्या दोन मालिका शेजारी ठेवा. 'स्टोरी ऑफ यानशी पॅलेस' ७० भाग, 'रुयीज रॉयल लव्ह इन द पॅलेस' ८७ भाग. दोन्ही छ्येनलोंग सम्राटाच्या अंतःपुरातल्या, बायकाही त्याच. फक्त एकीतली नायिका दुसरीत खलनायिका. इतकी सोयीची तुलना पुन्हा मिळायची नाही.

रुयीमध्ये झोउ शुन. चिनी सिनेमातली पहिल्या फळीतली नटी, अभिनयात हिच्यापुढे यानशीची वू जिनयान नवखी. तरी लोकांनी डोक्यावर घेतली ती यानशी. वू जिनयानच्या चेहऱ्यावर तीन-चारच भाव येतात: डोळे रोखणे, हनुवटी उचलणे, खोटं नमतं घेणे, आणि गोड हसून काटा काढणे. पण पटकथेला तेवढेच हवे होते! ती मालिका एखाद्या खेळासारखी चालते. एक शत्रू उभा राहतो, चार-सहा भागांत त्याचा निकाल, की पुढचा. अशा वेगात बारीक अभिनय ठेवायला जागाच नाही. आणि जिथे गहिरं काही हवं होतं तिथे छिन लान (सम्राज्ञी फुछा) आणि चार्मेन शे (शियान) उभ्या होत्या.

उलट रुयी. पहिल्या काही भागांत नायिका षोडशी, आणि झोउ शुन चाळिशी ओलांडलेली. तिचा आवाज मुळात घोगरा. केस मोकळे सोडून, मान वेळावून अल्लडपणा आणला तरी आवाज वय सांगून टाकतो. कित्येकांनी तिथेच मालिका सोडली. म्हणजे उत्तम नटी असून नुकसान झालंच ना?

रिमोटबहाद्दर

काकू, तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. मुख्य नटीमुळे लोकांनी मालिका सोडली.

खडूस_काकू

सोडली ती भूमिकेला न शोभणाऱ्या वयामुळे. कच्च्या अभिनयामुळे नव्हे. चष्मा पुसा.

आणि ज्यांनी सोडली त्यांचंच नुकसान. मधल्या भागांपासून तोच घोगरा आवाज असा कामाला येतो की बस. नवऱ्यावरचा विश्वास उडत जाणाऱ्या बाईचा आवाज मंजुळ असून कसं चालेल?

तळटीप

आवाजाचा विषय निघालाच आहे तर मुळाशी जाऊ. बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही की चिनी मालिकेत, विशेषतः ऐतिहासिक आणि काल्पनिक पोशाखी मालिकेत, जो आवाज ऐकू येतो तो पुष्कळदा त्या नटाचा नसतो. मी हिंदी डबिंगबद्दल बोलत नाहीये. मूळ चिनीतच दुसऱ्याचा आवाज.

ठळक उदाहरण 'एम्प्रेसेस इन द पॅलेस' (२०११). झेन हुआनच्या भूमिकेतल्या सुन लीला आवाज दिला तो जी ग्वानलिन या डबिंग कलाकार बाईंनी. त्या भूमिकेसाठी सुन लीला २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय एमीचं नामांकन मिळालं. आता बोला, अभिनय कुणाचा? माझ्या मते चेहरा आणि देहबोली एकीची, पण पात्राचं वय वाढतं ते आवाजात. सुरुवातीची झेन हुआन वाक्याच्या शेवटी किंचित वर जाते. मठातून परतलेली झेन हुआन तेच शब्द खालच्या पट्टीत, संथ, शेवट दाबून बोलते. डोळे मिटून पहिला आणि साठावा भाग ऐका.

डबिंग का करतात याची कारणं रोकडी आहेत. चेज्यांग प्रांतातल्या हंगदियनच्या चित्रनगरीत एकाच वेळी अनेक मालिकांची चित्रीकरणं चालतात, वर पर्यटकांची वर्दळ. पंखे, दोऱ्या, घोडे यांचा आवाज वेगळाच. तैवान-हाँगकाँगच्या नटांचे उच्चार प्रमाण चिनीशी जुळत नाहीत. शिवाय एकाला स्टुडिओत आठवडे बसवण्यापेक्षा रोज तेच काम करणारा कलाकार झटपट उरकतो.

ओळखायचं कसं: ओठ मिटणारी अक्षरं बघा, प-ब-म. तिथे ओठ आणि आवाज चुकतात. मोकळ्या मैदानात आणि बंद खोलीत आवाजाची घनता तीच राहते. आणि श्वास ऐकू येत नाही. धावत आलेला माणूस बोलताना धापत नसेल तर आवाज नंतर चिकटवलेला समजा. शेवटच्या नामावलीत 'पेइयिन' हा विभाग असेल तर प्रश्नच मिटला. नटाचा स्वतःचा आवाज असेल तर त्याला 'युआनशेंग' म्हणतात.

निशाचर

तळटीप, जबरी प्रतिसाद. एक पुरवणी. डबिंगची सोय आहे म्हणून आळस कसा वाढला त्याचं नाव चिनी प्रेक्षकांनीच ठेवलंय: 'आकडेवाले' नट. संवाद पाठ नसतात, कॅमेऱ्यासमोर गंभीर चेहऱ्याने "एक दोन तीन चार पाच सहा सात" म्हणायचं. आवाज नंतर कुणीतरी भरतो. अशा दृश्यात ओठ हलतात पण भुवया संवादाशी बोलत नाहीत. शोकवार्ता सांगताना चेहरा पाढे म्हटल्यासारखा दिसतो, कारण तो खरंच पाढे म्हणत असतो.

दुसरा प्रकार 'कौथू', म्हणजे कातरकाम. नटाला हिरव्या पडद्यापुढे एकट्याला उभं करून घ्यायचं आणि नंतर दृश्यात चिकटवायचं. खुणा तीन. बोलणाऱ्या दोघांची नजर एका रेषेत येत नाही. केसांच्या कडा थरथरतात. आणि दोन्ही मुख्य पात्रं एका चौकटीत समोरून कधीच दिसत नाहीत, एकाचा चेहरा तर दुसऱ्याची पाठ. ती पाठ बदली माणसाची. पाच मिनिटांत एकदाही एकाने दुसऱ्याची बाही धरली नाही तर संशय घ्यायला हरकत नाही.

कडक_वडा

एक दोन तीन चार, सहा सात आठ नऊ. (हे माझं प्रेमपत्र आहे. डबिंग करून घ्या.)

सोनचाफा

हसून हसून गडबडा लोळले @ कडक_वडा.

पण सगळ्या डबिंगला एका मापाने मोजू नका. 'द अनटेम्ड' (२०१९, ५० भाग) मध्ये श्याओ झानला लू झिशिंगचा आवाज आणि वांग यीबोला ब्येन ज्यांगचा. तरी दोघांचं काम उभं राहतं. वांग यीबोचा लान वांगजी दिवसाला चार वाक्यं बोलणारं पात्र. सगळा भार डोळ्यांवर आणि मान किती अंशात वळते यावर. पहिल्या वेळी बघताना तो ठोकळा वाटतो. गोष्ट सुरुवातीलाच सोळा वर्षं पुढून सुरू होते आणि मग लांबलचक पूर्वकथा येते. ती ३३ व्या भागाच्या आसपास संपली की पहिले दोन भाग पुन्हा लावा. बासरीची धून ऐकू येताच तो ज्या पद्धतीने बघतो त्याचा अर्थ तेव्हा लागतो. ठोकळा नव्हता तो, आवरून धरलं होतं.

हुच्चभ्रू

आवरून धरणे आणि काहीच न येणे यात फरक कसा करायचा हो ताई? चिनी लोक स्वतःच अशा नटांना 'म्यानथान' म्हणतात, चेहऱ्याला लकवा मारलेला.

सोनचाफा

ऐकतानाचा चेहरा बघायचा. संवाद म्हणताना कुणीही थोडंफार करून दाखवतो. दुसरा बोलत असताना कॅमेरा याच्यावर असतो, तेव्हा याच्याकडे विचार पोचतोय का? आवरून धरणाऱ्याच्या चेहऱ्यावर शब्द पोचल्याची क्षणभर खूण उमटते, पापणी नाहीतर घसा. ज्याला येत नाही तो आपली पाळी यायची वाट बघत असतो.

फक्त आधी चित्राची गुळगुळीत करण्याची मात्रा बघा. हल्लीच्या पोशाखी मालिकांत कातडी इतकी घासतात की कपाळावर आठी उमटलीच तरी ती संगणकात पुसली जाते. मग बिचाऱ्या नटाला दोष.

शब्दवेडी

हे ऐकतानाचं अगदी पटलं. आणि त्यावरून निर्वाणातला बर्फातला प्रसंग. राजपुत्राने मेइ छांगसूशी संबंध तोडलेत, दोघांच्या घरांना जोडणाऱ्या भुयारातल्या घंटेची दोरीही कापलीय, आणि तो आत्मघातकी सुटकेला निघालाय. हा आजारी माणूस बर्फात येऊन त्याला थांबवतो. तोवर प्रत्येक वाक्यात 'त्येनश्या', म्हणजे महाराज-युवराज या चालीवरचा आदर. आणि इथे एकदम पूर्ण नावाने हाक, श्याओ चिंगयेन, थांब! इंग्रजी सबटायटलमध्ये नुसतं नाव येतं आणि वाचणाऱ्याला काहीच खटकत नाही. आपल्याला मात्र लगेच कळायला हवं: हा 'अहो'वरून 'अरे'वर आलाय. सल्लागार बाजूला पडला आणि लहानपणचा मित्र ओरडला. हू गेचा आवाज तिथे फाटतो, आणि तो त्याचा स्वतःचा आवाज आहे म्हणूनच फाटू शकतो. राजपुत्र झालेला वांग कायही स्वतःच्याच खर्जात बोलतो. नुसतं ऐकत उभा राहतो आणि तरी दृश्य निम्मं त्याचं आहे.

तळटीप

+१. डबिंग कलाकार सहसा आवाज फाटू देत नाहीत. रडणंही सुरात होतं.

वाचनमात्र

अवांतर: नावं नक्की कशी लिहायची? कुणी झांग लिहितं, कुणी चांग, कुणी जांग.

तळटीप

अवांतराला अवांतर. रोमन लिपीतली चिनी नावं इंग्रजीसारखी वाचली की घोटाळा होतो. मराठी माणसाला खरं तर हे सोपं जायला हवं, कारण आपल्याकडे दोन च आहेत. रोमन झेड एकटा आला तर तो 'चाक' मधल्या च च्या जवळचा. क्यू म्हणजे छ. नुसता सी म्हणजे 'चाक'चाच च, पण हवा सोडून. झेड-एच ला जीभ मागे वळवून च. म्हणजे 'चांग' हेच जास्त बरोबर, पण सगळीकडे झांग रुळलंय, आणि मीही तेच लिहितो. ढोंगी म्हणा हवं तर.

कडक_वडा

चमच्यातला च की चहातला च, एवढं सांगा, म्हणजे चमच्याने चहा ढवळायला मोकळा.

गवती_चहा

धागा राजवाड्यातून बाहेर काढते. मुख्य नटाच्या जोरावर मालिका कशी उभी राहते याचं ताजं उदाहरण 'द नॉकआउट' (२०२३, ३९ भाग). झांग सोंगवेन पूर्वी अभिनय शिकवायचा. त्याचा गाओ छीछियांग २००० सालच्या चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री पोलीस ठाण्यात मार खाल्लेला मासेविक्या म्हणून येतो, समोर पोलीस आन शिन (झांग यी) त्याला मोमोसारखे च्याओझ खायला देतो. खाताना खांदे आत ओढलेले, हसू आधी आणि वाक्य नंतर, कारण ज्याच्याकडे काहीच नाही तो आधी हसून घेतो. पुढे हाच माणूस शहराचा दादा होतो. गंमत ही की झांग सोंगवेन सूट घातल्यावर चाल बदलतो, पण कुणी खरोखर वरचढ समोर आला की ते जुनं हसू क्षणभर परत येतं. पटकथेत हे लिहिता येत नाही.

त्यामुळे तोल मात्र गेला. आन शिन नायक, पण लोक खलनायकाच्या मागे. आणि झांग यीलाही वयाचा फटका बसला: चाळिशीतल्या माणसाने विशीतला पोलीस करायचा. पांढऱ्या केसांचा २०२१ चा आन शिन त्याला जास्त शोभतो. काकूंच्या झोउ शुनचीच गोष्ट.

निशाचर

गुन्हेकथांमध्ये अभिनय बरा दिसायचं एक कारण लांबीही आहे. 'द बॅड किड्स' (२०२०) १२ भाग, 'द लाँग सीझन' (२०२३) १२ भाग, दोन्हींचा दिग्दर्शक शिन श्वांग. १२ भागांत पाणी घालायला जागा नाही. २०२० च्या फेब्रुवारीत चीनच्या प्रसारण खात्याने मालिका ४० भागांच्या आत ठेवा, जमल्यास ३०, असं सांगितलं. त्याच्या आधीच्या मालिका ६०-७० भागांच्या का असायच्या? वाहिन्या भागागणिक पैसे मोजायच्या. मग नट खिडकीबाहेर बघतोय, संगीत वाजतंय, आधीच्या आठवणी पुन्हा दाखवल्या जाताहेत. अशा पाण्यात चांगला नटही पातळ होतो.

पैशाचीही बाजू आहे. २०१७-१८ मध्ये नटांचं एकूण मानधन निर्मितीखर्चाच्या ४० टक्क्यांत आणि त्यातलं मुख्य नटांचं ७० टक्क्यांत ठेवा असा दंडक आला. त्याआधी बऱ्याच मालिकांत चेहऱ्यावरच तिजोरी रिकामी व्हायची, मग लेखकाला आणि दुय्यम नटांना काय उरणार?

गवती_चहा

लांबीबद्दल अर्धं मान्य. एम्प्रेसेसचे ७६ भाग कापून अमेरिकेसाठी दीड-दीड तासाचे सहा केले होते, नेटफ्लिक्सवर आले. घटना सगळ्या घडतात पण झेन हुआन बदलताना दिसत नाही, एकदम बदललेली दिसते. हळूहळू कडवट होणं हाच तर अभिनय होता.

द लाँग सीझनमध्ये मात्र छोट्या लांबीत फान वेइने वीस वर्षं पेलली. नव्वदीतला पोलाद कारखान्याचा इंजिनचालक, टोपी नीट, बोलणं ऐटीत. २०१६ मधला टॅक्सीवाला, तोच विनोदी सूर, पण वाक्य पुरं करायचा उत्साह गेलेला. फान वेइ मुळात प्रहसनांतला विनोदी नट, ईशान्य चीनची बोली त्याच्या तोंडात घरची. ही बोली डबिंगने गेली असती तर अर्धी मालिका गेली असती. आपल्याकडे मालवणी नाटक पुणेरी आवाजात डब करून बघा म्हणजे कळेल.

हुच्चभ्रू

आणि त्यावर हिंदी डबिंग चढवलं की उरलेलीही जाते. सम्राट, खोजा आणि सेनापती तिघे एकाच आवाजात.

खडूस_काकू

मूळ प्रश्नावर येते. दुय्यम नट मालिका तारतात, याला पुरावा 'जॉय ऑफ लाइफ' (२०१९). मुख्य नट झांग रुओयुन बरा आहे, दारू पिऊन कविता म्हणायच्या प्रसंगात तर फारच बरा. पण सम्राटाच्या भूमिकेत चेन दाओमिंग आला की खोलीचं तापमान बदलतं. केस मोकळे, ढगळ अंगरखा, हातात बाणाचं टोक घासत बसलेला, समोरच्याकडे बघतही नाही. चिनी लोक अशा मुरलेल्या नटांना 'लाओ शी गू' म्हणतात, नाटकाची जुनी हाडं. निर्वाणातही दिंग योंगदायचा संशयी म्हातारा सम्राट काढा, हू गे कुणाशी लढणार?

रिमोटबहाद्दर

काकू, इथे मी हात टेकले. पहिल्या लेखातलं "कुणीही वाचवू शकत नाही" मागे घेतो. पण जुनी हाडं असली तरी मुख्य नटाने निदान त्यांच्यासमोर उभं राहता यायला हवं. चेन दाओमिंगपुढे आकडे म्हणणारा ठेवला तर दृश्य जास्तच केविलवाणं होईल.

निशाचर

मग परीक्षा घ्यायची असेल तर काळाच्या वेटोळ्याची मालिका लावा. 'रीसेट' (२०२२, १५ भाग). दुपारी १:४५ ला बसचा स्फोट, आणि बाय जिंगटिंग व झाओ जिनमाय पुन्हा त्याच बसमध्ये जागे होतात. जागं व्हायचं दृश्य तेच, आसन तेच, फक्त आधीच्या फेरीचा थकवा आणि भीती चेहऱ्यावर साठत गेली पाहिजे. चित्रीकरण काही क्रमाने होत नसतं. त्यामुळे कितव्या फेरीचा चेहरा कोणता, हा हिशोब नटाने डोक्यात ठेवायचा. झाओ जिनमायचं जागं होणं आवाज बंद करून ओळीने बघा. दचकणं कमी होत जातं आणि बसमध्ये नजर आधी कुणाकडे जाते ते बदलतं.

वाचनमात्र

बरं, मग नवीन माणसाने मालिका धरायची की सोडायची हे किती भागांत ठरवावं?

सोनचाफा

१२-१५ भागांची असेल तर दोन. ४० च्या वरची असेल तर सहा, कारण पहिले दोन-तीन नावं ओळखण्यातच जातात आणि पोशाखी मालिकेत त्या भागांत मुख्य पात्रं बहुधा कोवळ्या वयाची दाखवतात, म्हणजे नटाचं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात वाईट काम तिथेच असतं. चौथ्या-पाचव्या भागातला एखादा बसून बोलायचा प्रसंग घ्या, मारामारीचा नको, रडण्याचा तर नकोच. एकदा आवाज बंद करून, एकदा फक्त आवाज. पहिल्यात कळलं आणि दुसऱ्यात नाही, तर दोष डबिंगचा, चालवून घ्या. दोन्हींत काही कळलं नाही तर सोडा.

वाचनमात्र

धन्यवाद. यानशीचा पाचवा भाग आवाज बंद करून बघितला. सगळं कळलं.

खडूस_काकू

सांगितलं ना, चार भाव आहेत, चुकायला जागाच नाही. ते ७० भाग संपले की रुयी लावा आणि मग इथे या. ८७ आहेत, घाई नाही.